बाद न होणारा संघ

"…आणि उद्या हरलो, तर?"

दौलत मगदूमनं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल वस्ताद मॅटवर चाललेला सराव बघत होते.

दौलत हा कबड्डी लीगमधल्या एका संघाचा नवाकोरा प्रशिक्षक. हंगामाचे नऊ सामने झाले, त्यातले सात हरले. दहावाही गेला तर उचलबांगडी, असं मालकांनी हसत हसत सांगितलं होतं. त्या हसण्यानंच दौलतला दोन दिवस घास गिळवत नव्हता. शेवटी ज्यांनी त्याला लहानपणी कबड्डी शिकवली, त्या वस्तादांना त्यानं गावाहून गाडी पाठवून बोलावलं.

"पोरं कशी वाटतात?"

"ताकद हाय. पर भ्यालीत."

"भ्यायलाच पाहिजेत, वस्ताद! नियमच केलाय मी. चढाईत पकडला गेला की पुढचा सामना बाकावर."

"मग? जातात का पकडली?"

"छे! केरबा तर तीन सामन्यांत एकदाही बाद नाही." दौलतला तेवढाच तोरा मिरवायला मिळाला.

"अन् गुण किती आणलं त्यानं?"

समोर केरबाच चढाईला गेला होता. कडेकडेनं फिरला, चोरून एकदा दौलतकडं बघितलं आणि कुणाला हात न लावता सुखरूप परत आला.

वस्तादांनी चपला काढल्या.

"वस्ताद, काय करताय?"

"चढाई."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, उजवा गुडघा कामातून गेलेला. सगळा जन्म मातीत खेळण्यात गेला, त्यामुळं मॅटवर पाय ठेवल्याठेवल्या घसरला. दौलतला वाटलं, यांचं एखादं हाड मोडलं तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी…"

म्हातारा थेट कोपऱ्यात घुसला. पोरं मागं मागं सरकायला लागली. कुणी हात लावीना. तेव्हा वस्तादांनी दम न सोडता तो दुखरा पायच कोपऱ्यातल्या पोरापुढं धरला.

पोरानं दौलतकडं बघितलं, डोळे मिटले आणि घोटा धरला. वर दोघं पडले.

धप्प!

दौलत धावला.

ढिगाखालनं हसू आलं. "भले शाबास! काय पकड हाय रं!"

वस्ताद लंगडत गेले आणि बाद झालेल्यांच्या चौकटीत पाय पसरून बसले.

"केरबा, मी बाद झालो. गुण आण, मला जिवंत कर."

केरबानं सवयीनं दौलतकडं बघितलं.

"तिकडं काय बघतोस, लेका? मेलोय मी हितं!"

पोरं फिसकन हसली. आख्ख्या हंगामात पहिल्यांदाच हसली असतील. केरबा आत घुसला. एकाच्या खांद्याला हात लावला, दुसऱ्यानं कंबर धरली, त्याला तसाच ओढत मध्यरेषेला पालथा पडला. वस्ताद चौकटीतून उठले आणि टाळ्या पिटत मॅटवर गेले.

दौलतला सगळं दिसलं. न दिसायला तो काही खुळा नव्हता. पण भीती काही जाईना, उलट वाढलीच.

"नियम मागं घेतो, वस्ताद. पण पोरं मोकळी खेळली आणि तरी हरलो तर? ती मला भ्यायची थांबली, तर माझ्याजवळ राहिलं काय?"

"तू कवा बाद झालास, दौलत्या?"

"खेळायचो तेव्हा पुष्कळदा…"

"प्रशिक्षक झाल्यापास्नं?"

सगळी पोरं मॅटवर उभी राहून दौलतकडंच बघत होती. पळून जावंसं वाटलं त्याला, अगदी खरंच वाटलं.

वस्तादांनी त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून केरबाच्या हातात दिली.

"जा चढाईला," ते दौलतला म्हणाले. "अन् हे बघ… बाद व्हायचं. परत यायचं न्हाई."