दाराशी आलेलं मूळ

आडरवाडीत शिरताना ओढ्याकाठी वाळ्याचं जे दाट बेट दिसतं, त्याची ही हकिगत. अक्षर न् अक्षर खरी, भैरोबाची आण. आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली. आता आजोबांचा जन्म तेव्हा व्हायचा होता, पण म्हणून काय झालं?

त्या काळी सासुरवाशिणीला माहेरी न्यायला तिकडून माणूस यायचा. त्याला ‘मूळ’ म्हणत. मूळ आल्याखेरीज सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही. आडरवाडीत दिलेल्या तान्हूची आई तिकडं माहेरी अंथरुणाला खिळली. आता काही उठत नाही, असं कानावर आलं. तान्हूनं सासूचे, बायजाक्काचे पाय धरले.

“मूळ येऊ दे, लगेच जा,” बायजाक्का चारचौघींदेखत म्हणाली. “भैरोबाशपथ अडवायची नाही.” तान्हूला भाऊ नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

बांगड्या भरायला आलेल्या कासाराजवळ तान्हूनं निरोप दिला, ‘आबा, मूळ पाठवा.’ तिचा बाप झाडपाल्याची औषधं देणारा आणि कानानं ठार बहिरा. लेकीला कसलं तरी मूळ हवंय, एवढंच त्याला उमगलं. त्यानं परसातला वाळा मुळासकट उपटला, ओल्या फडक्यात बांधला आणि परतणाऱ्या कासाराच्या हाती दिला.

फडकं सुटलं तशी आळी हसून लोळली म्हणे. “बापानं औषध धाडलंय गं! घे, उगाळून पी,” बायजाक्का म्हणाली.

तान्हू हसली नाही. तिनं वाळा उचलून उंबऱ्यावर ठेवला. “आत्याबाई, मूळ आलं.”

“हे व्हय मूळ? हे तर झाडाचं!”

“शपथ घेताना तुम्ही कुठं म्हणालात, माणसाचं का झाडाचं?”

हसणाऱ्या बाया आता बायजाक्काकडं बघू लागल्या. शपथ भैरोबाची, ऐकलेली साऱ्यांनी. बायजाक्का दारातून बाजूला सरली. तान्हूनं जाता जाता ओढ्याकाठी तो वाळा खोचला आणि उन्हं कलायच्या आत आईच्या उशाशी पोचली. आईनं तिला ओळखलं, असं सांगतात.

आजही आडरवाडीच्या सुनेला माहेरी न्यायला कुणीही येतं, म्हातारी आई येते, नाहीतर शेजारीण. हातात वाळ्याची जुडी असली की सासरचे अडवत नाहीत. त्या जुडीलाच इथं मूळ म्हणतात.

आता यात माझ्या पदरचं किती, तेही सांगून टाकतो. बाप बहिरा नव्हता. तुम्ही हसावं म्हणून मी त्याला बहिरा केला. निरोप त्याला नीट ऐकू आला होता. पण आजाऱ्यापाशी तो एकटा, घरात पाठवायला दुसरं माणूस नव्हतं. जे मूळ होतं, ते त्यानं पाठवलं.