मोरशेटची पालखी

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दडलेला एक खडक होता, त्याला सगळे वाघ्या म्हणत. या वाघ्याचं भय दाखवून मोरशेट विमेकरी प्रत्येक गलबताच्या विम्याला दुप्पट दर लावायचा. एकदा आवडी खारविणीचं गलबत वाघ्यावरच फुटलं. खलाशी पोहून वाचले, पण त्यांच्या घरच्या चुली त्या गलबतावर पेटत होत्या. आणि हा मेला मोरशेट विम्याची भरपाई देईना!

गाऱ्हाणं किल्ल्यावर सुभेदारापुढं गेलं. शेट शालजोडी सावरत म्हणाला, "सरकार, खडक काय काल उगवला? शहाणा तांडेल त्याला चुकवून जातो. हिच्या तांडेलाच्या मूर्खपणाची भरपाई मी का द्यावी?"

आवडीचं रक्त उकळलं, पण तिनं आवाज चढवला नाही. "शेटजी, तुम्ही किल्ल्यावर आलात कसे?"

"पालखीतून. डोंगर चढताना हाडं खिळखिळी झाली."

"आम्ही होडीनं आलो, वाघ्याजवळूनच. बंदरातला सगळ्यात शहाणा तांडेल सुकाणूवर होता. तुम्हालाही बोलावलं होतं. का नाही बसलात?"

"छे! तांडेल कितीही शहाणा असो, समुद्राचा काय भरवसा?"

तशी आवडी कडाडली, "अरे मेल्या, भरवसा नाही म्हणूनच तर आम्ही विमा उतरवला! पैसे घेताना समुद्र बेभरवशाचा, आणि द्यायची वेळ आली की आमचा तांडेल मूर्ख?"

सुभेदार म्हणाला, "शेट, भरपाई द्या. नाहीतर घरी जाताना होडीत बसा."

शेटनं भरपाई कबूल केली आणि घाईघाईनं भोयांना हाक मारली.