कानातला चुना

एकदा एका पाथरवटाने सरळ थराला वाकडा म्हटलं, आणि त्याच्या शब्दाखातर तो थर पाडला गेला. शब्दाला वजन असलं की असे अनर्थ घडतात. हलक्या शब्दाच्या माणसाकडून भिंतीचा एक खडासुद्धा पडत नाही.

पाथरवटाचं नाव भिवा. वय पन्नाशीच्या पुढे, सगळी हयात मंदिरांची शिखरं बांधण्यात गेलेली. एक डोळा मिटून तो दगडाकडे पाही आणि म्हणे, "डावीकडून गव्हाएवढा उचला." सुरुवातीला लोक ओळंबा सोडून खात्री करून घेत, आणि फरक खरोखरच गव्हाएवढा निघे. मग हळूहळू खात्री करणं बंद झालं. पुढे तर त्याच्यासमोर ओळंब्याची दोरी पिशवीतून काढणं म्हणजे त्याचा अपमान, असं होऊन बसलं. माणूस मोठा झाला की त्याला कुणी तपासायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

त्या साली तो डोंगरपायथ्याच्या एका गावात शिखर चढवत होता. अकरा थर पूर्ण झाले होते. एकट्या अकराव्या थराला अठरा दिवस लागले होते. आता वरची दोन-तीन कामं उरकली की कळस. त्या पाथरवटांचा रिवाज असा, की ज्याने पाया भरला त्यानेच कळस टेकवायचा. मध्येच दुसऱ्या मिस्त्रीला बोलवावं लागलं, तर पहिल्याला पुन्हा कुणी शिखराचं काम सांगत नसे.

एके दिवशी सकाळी परांचीवर उभं राहून भिवाने मान वर केली, आणि आभाळ गरकन फिरलं. त्याने बांबूला मिठी मारली. अर्ध्याएक मिनिटाने सगळं थांबलं, तेव्हा त्याने डोळे उघडून समोर पाहिलं. अकरावा थर एका अंगाला झुकल्यासारखा दिसत होता.

"थर कललाय," तो म्हणाला. "पाडा."

पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेला हणमा जवळच होता. त्याने थराकडे पाहिलं, मग भिवाकडे पाहिलं.

"मिस्त्री, पाडायचा?"

"बहिरा झालास का रे? पाडा म्हटलं ना!"

पाडला. अठरा दिवसांचं काम संध्याकाळपर्यंत जमिनीवर आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिवाने अंथरुणात उजवीकडे कूस बदलली आणि अख्खं घर फिरू लागलं. आढं, खुंटी, खुंटीवरचा सदरा, सगळं एका दिशेने वेगाने पळत होतं. त्याने दोन्ही हातांनी जमीन धरून ठेवली. थोड्या वेळाने घर जागच्या जागी आलं. आणि मग त्याला दरदरून घाम फुटला. घर काही कललं नव्हतं. इथे शिखर नव्हतं, परांची नव्हती, तरी सगळं फिरलं. म्हणजे काल थरसुद्धा कलला नव्हता. सरळ थर, आपल्या तोंडच्या एका शब्दाने! त्या माणसाला बसलेला धक्का मला शब्दांत सांगता येणार नाही. बायको यमुना पाणी घेऊन आली, तेव्हा तो तिला एवढंच म्हणाला, "चक्कर आली." बाकीचं त्याने गिळून टाकलं.

यमुनेने त्याला तालुक्याच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी त्याला चालवून पाहिलं, बोटाने नाक शिवायला लावलं, हातापायांतला जोर पाहिला, बोलणं अडखळतंय का ते विचारलं. "मेंदूचं काही दिसत नाही, दुखणं कानाचं आहे," त्या म्हणाल्या आणि त्याची मान उजवीकडे वळवून त्यांनी त्याला झटक्यात मागे निजवलं. जग पुन्हा फिरलं. "थांबा, घाबरू नका, आता पुढचं..." असं बाई म्हणताहेत तोवर भिवा उठून, भिंत धरत, एका पायात चप्पल घालून दाराबाहेर पोहोचला होता. बरं व्हायला गेलो तर बाईने उलट जास्त फिरवलं, असा त्याचा ठाम समज झाला.

त्यानंतर तीन आठवडे तो भिंतीला टेकून बसून राहिला. झोपायचा तेही उशा लावून बसल्या बसल्या. बाजूला बघायचं झालं तर मानेऐवजी सगळं अंग वळवायचा. गावात कुणी पित्त म्हणालं, कुणी करणी म्हणालं, आणि ज्यांना दोन्हींचा कंटाळा आला ते दारू म्हणाले. देवळाच्या पंचांनी दुसऱ्या मिस्त्रीची चौकशी सुरू केली. तेव्हा यमुनेने दवाखान्यातल्या पळण्यासकट सगळी हकीकत कळवून भिवाच्या वस्तादांना निरोप धाडला.

वस्ताद ऐंशीच्या घरातले. भिवाच्या हातात पहिली छिन्नी त्यांनी दिलेली. एसटीतून उतरून ते घरी आले, पाणी प्यायले, आणि तब्येतीची एका शब्दाने विचारपूस न करता त्यांनी खुंटीवरची लेव्हलची नळी काढली. ही नळी म्हणजे गवंड्यांची पारदर्शक रबरी नळी. तिच्यात पाणी भरायचं, दोन टोकं दोन भिंतींना लावायची, आणि पाणी सांगेल ती समपातळी. दसऱ्याला हत्यारांबरोबर तिचीही पूजा होते. वस्तादांनी नळीत पाणी भरलं, भिंतीवरचा चुना नखाने खरवडला आणि त्याचे चार कण नळीत टाकले.

"वस्ताद!" भिवा ओरडलाच. "अहो, काय केलंत हे? पूजेची नळी आहे ती!" ओरडताना मान हलली आणि त्याने घाईघाईने डोळे मिटून घेतले.

"थांबलं फिरायचं? आता बघ इकडे," वस्ताद शांतपणे म्हणाले. त्यांनी नळीला वाक दिला. कण खालच्या वाकात जाऊन बसले. "आता ही नळी मी महिनाभर अशीच टांगून ठेवली, तर कण निघतील?"

"कसे निघतील?"

"नुसती गदागदा हलवली तर?"

"आतल्या आत नाचतील."

"मग काय करू?"

वस्तादांनी नळी सावकाश वळवली, थांबले, पुन्हा थोडी वळवली. कण एकेक वळण ओलांडत घरंगळले आणि टोकाशी येऊन पाण्याच्या थेंबाबरोबर त्यांच्या तळहातावर पडले.

"सहा वर्षांपूर्वी मलाही हेच झालं होतं," ते म्हणाले. "तेव्हा समजून घेतलं. आपल्या कानाच्या आत अशाच तीन वाकड्या नळ्या आहेत, पाण्याने भरलेल्या. डोकं कुठे वळलं हे त्या सांगतात. शेजारच्या कप्प्यात चुन्यासारखे बारीक कण चिकटलेले असतात. तिथे आहेत तोवर ते उपयोगाचे. वयाने, डोक्याला मार लागून, कधी उगाचच, ते सुटतात आणि नळीत शिरतात. मग डोकं थांबलं तरी आतलं पाणी हलत राहतं. कान म्हणतो फिरतोय, डोळे म्हणतात बसलोय, आणि दोघांच्या भांडणात माणूस पडतो. बाई तुझी नळी वळवत होत्या, भिवा. तू पहिल्याच वळणावर पळालास. आणि इथे येऊन नळी खुंटीला टांगून ठेवलीस."

भिवा त्यांच्या ओल्या तळहाताकडे बघत राहिला.

"चक्कर खरी असते," वस्ताद पुढे म्हणाले, "पण ती जे सांगते ते खोटं असतं. चक्कर आली यात तुझा काही दोष नाही. कुणाच्याही कानात होईल. फक्त तिच्या सांगण्यावरून काही ठरवायचं नसतं."

हे ऐकलं आणि भिवाचा बांध फुटला. "वस्ताद, मी सरळ थर पाडला हो! चांगला, सरळ थर!"

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? थर मी नव्हता रचला."

दुसऱ्या दिवशी दोघे बाईंकडे गेले. बाईंनी भिवाला निजवून त्याचं डोकं खाटेच्या कडेवरून मागे सोडलं. सगळं जग जात्यासारखं फिरलं. भिवाने वस्तादांचं मनगट आवळलं, पण या वेळी तो उठला नाही. फिरणं ओसरलं, मग मान दुसरीकडे, मग कूस, मग उठून बसणं. चार दिवसांनी बाईंनी तेच पुन्हा केलं. त्यानंतर एका पहाटे भिवा झोपेत उजवीकडे वळला, आणि घर होतं तिथेच राहिलं. तो उठून बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तरी पाय लगेच स्थिर झाले नाहीत. चालताना होडीत असल्यासारखं वाटे. बाईंनी बजावलं होतं, रोज चाला, मान दोन्हीकडे वळवा, वर बघा, मात्र मी सांगेपर्यंत उंचावर चढू नका. वस्ताद सकाळ-संध्याकाळ त्याला देवळाभोवती फिरवत आणि मध्येच म्हणत, "बघ वर." भिवा भीत भीत बघे. काही दिवसांनी न भिता बघू लागला. पंचांनीही दुसऱ्या मिस्त्रीचा नाद सोडला.

परांचीवर चढायची परवानगी मिळाली त्या दिवशी भिवाने आधी सगळ्या कारागिरांना जोत्यापाशी बोलावलं. वस्ताद बाजूला दगडावर बसले होते.

"अकरावा थर सरळ होता," भिवा म्हणाला. "कललं होतं ते माझं डोकं. तुमची अठरा दिवसांची मेहनत मी मातीत घातली."

मग हणमा हळूच म्हणाला, "ठाऊक आहे, मिस्त्री."

"काय ठाऊक आहे?"

"थर सरळ होता ते. तुम्ही तोंडावर पाणी मारायला खाली उतरलात, तेव्हा आम्ही ओळंबा सोडून बघितला होता. केसाएवढा फरक नव्हता."

"बघितला होतात? मग पाडलात कशाला?"

हणमाने मान खाली घातली. "तुम्ही म्हणालात म्हणून."

भिवा मटकन जोत्यावर बसला. त्याने वस्तादांकडे पाहिलं.

मग तो उठला. "हणमा, आजपासून प्रत्येक थर तू तपासायचा. माझ्यासमोर. वाकडा म्हणालो आणि सरळ निघाला, तर तिथल्या तिथे माझ्या तोंडावर सांगायचं."

"आणि तुम्ही चिडलात तर?"

"चिडेन," भिवा म्हणाला. "तरी सांग."