महाराजांचं गाणं कुणाला आवडतं?

महाराज रणधवल रोज दरबारात गायचे आणि दरबार रोज माना डोलवायचा. एके दिवशी पखवाजी शिदोबा वाजवता वाजवता म्हणाला, “महाराज, सूर निसटला.” झालं! शिदोबाची रवानगी थेट कोठडीत.

दुसऱ्या दिवशी त्याची पोरगी गोजरा दरबारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “माझ्या बापाने सगळ्यांच्या मनातलंच सांगितलं.”

महाराज म्हणाले, “चाळीस दरबारी आहेत. निम्म्याहून जास्त जणांना माझं गाणं नकोसं वाटतं, असं दाखव. बाप सोडतो. नाही जमलं तर तूही आत.”

“दाखवणार काय कपाळ!” दरबारातले विसोबाशास्त्री खेकसले. “मी एकेकाला विचारलंय. चाळीसच्या चाळीस खूश.”

“विचारताना महाराज कुठे होते?”

“शेजारीच.”

“आणि त्यांची तलवार?”

“कमरेला.”

“मग शास्त्रीबुवा, तुम्ही गाणं नाही, तलवार मोजलीत. पाठशाळेत गुरुजी छडी उगारून विचारतात, समजलं का? सगळी पोरं म्हणतात, समजलं. मी नाही म्हणाले. तेव्हापासून घरी बसलेय.”

गोजराने एक नाणं मागितलं, काळे-पांढरे खडे मागितले. “एकेकाने पडद्याआड जाऊन नाणं उडवायचं. छापा पडला तर मुकाट काळा खडा आणायचा. काटा पडला तर खरं सांगायचं. गाणं आवडतं, तर पांढरा. नाही आवडत, तर काळा.”

“म्हणजे काळा आणणाऱ्याला मी धरू शकत नाही?”

“कसे धराल? तो म्हणेल, छापा पडला. पण गाणं सगळ्यांना आवडत असेल, तर सुमारे निम्मे खडे पांढरे यायला हवेत. निम्म्यांनाच आवडत असेल, तर दहाएक.”

दरबारी एकेक करून आत गेले. महाराजांच्या ताटात काळ्या खड्यांचा ढीग झाला. पांढरा आला एकच.

“शास्त्रीबुवा, तुमचाही काळा?”

“छापा पडला, महाराज.”

“सेनापती?”

“छापाच.”

“सगळ्यांना छापाच पडला असेल,” महाराज गुरगुरले.

गोजराने नाणं त्यांच्या हातात ठेवलं. “उडवून बघा.”

महाराज नाणं उडवत राहिले. छापा, काटा, काटा, छापा. शेवटी त्यांनी नाणं खाली ठेवलं. “निम्म्या वेळा काटा पडतोय. म्हणजे वीसेक जणांनी खरं सांगितलं, आणि पांढरा एकच! तो पांढरा कुणाचा?”

म्हातारे राजवैद्य ठार बहिरे. शेजाऱ्याने त्यांना ढोसलं, खाणाखुणा केल्या. ते धडपडत उठले. “माझा, माझा! ऐकू काही येत नाही, पण महाराजांचे हातवारे काय सुंदर!”

महाराज असे हसले, की ताट उलटलं आणि खडे दरबारभर उधळले.

शिदोबा सुटला. गोजराला दरबारात जागा मिळाली, शास्त्रीबुवांच्या वरची. आणि महाराजांनी गाणं सोडलं, हातवारे तेवढे ठेवले.