येसूच्या दंडावरची खूण

कनकगडचे जहागीरदार नागोजीराव चारचौघांत नेहमी दयाधर्मावर बोलत. त्यांच्याकडे वर्षभर राहिलेला विसाजी कारकून बोलण्यात बुजरा होता, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्याने लिहून काढलं. विकत आणलेल्या बटकी तिथे कशा राबतात, दूध उतू गेलं म्हणून येसूला तापल्या पळीने कसं डागलं, सगळं त्यात होतं. कागदाच्या नकला गावोगाव फिरल्या. त्यातच येसू पळाली आणि महाराजांच्या आश्रयाला आली.

विसाजी आणि येसू महाराजांपुढे उभे असताना नागोजीराव तावातावाने दरबारात आले. "महाराज, या कारकुनाचा शब्द न् शब्द खोटा आहे. बटकी आम्हाला लेकींसारख्या. त्यांना कुणी बोटसुद्धा लावत नाही. याला शिक्षा करा आणि आमची येसू आम्हाला द्या."

विसाजी खाली मान घालून म्हणाला, "पळालेली बटीक परत न्यायची तर अंगावरची खूण सांगायचा रिवाज आहे, राव."

"त्यात काय? डाव्या दंडावर पळीचा डाग आहे. बघून घ्या."

विसाजीने आपला कागद महाराजांपुढे ठेवला.

"महाराज," विसाजी म्हणाला, "हीच खूण माझ्या कागदात आहे. कागद खोटा असेल, तर ही बाई रावांची नव्हे. बाई रावांची असेल, तर कागद खरा. दोन्हींतलं कोणतं हवं, ते रावांनीच सांगावं."

नागोजीरावांनी भरल्या दरबाराकडे पाहिलं. अब्रू मोठी वाटली त्यांना.

"ही आमची येसू नव्हे," ते पुटपुटले.

महाराज हसले. "ऐकलंस ना, बाई? आता कुठेही जा. तुला मालक नाही."