राजेसाहेबांची शिकार

"उद्या माझ्या दरबारात एकाच्या तरी तोंडून शब्द काढून दाखव! नाहीतर तुझं संबळ माझ्या कोठारात आणि तू राज्याबाहेर!"

रणधवल राजांनी म्हाताऱ्या राणोजी गोंधळ्याला सुनावलं. कारणही तसंच घडलं होतं. दसऱ्याला राजांनी आपल्या वाघाच्या शिकारीची गोष्ट सांगितली, तर दरबार पेंगला. मग राणोजीने संबळ वाजवलं, तर तोच दरबार टाळ्या पिटत उठला! राजांना ते झोंबलं. त्यांनी दवंडी पिटवली, "उद्या गोंधळात जो बोलेल, त्याची अर्धी मिशी उतरवू!"

राणोजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "मिशीपुढे कोण तोंड उघडणार गं?"

त्याची सून गिरजा देवीपुढे वात लावत होती. ती म्हणाली, "मामंजी, शुक्रवारची कहाणी ऐकताना सासूबाई डुलक्या घेतात ना? पण मी एक ओळ चुकवली, की कशा खडबडून ओरडतात!"

"तिला कशाला मध्ये आणतेस?"

"छे हो! देवीनेच त्यांच्या तोंडून वाट दाखवलीय."

दुसऱ्या दिवशी दरबार ओठ मिटून बसला. न्हावी वस्तरा घेऊन तयार! राणोजीने संबळ वाजवलं, गिरजाने दिवटी पाजळली आणि गोष्ट सुरू केली.

"ऐका हो, राजेसाहेबांची शिकार! राजेसाहेब रानात गेले. झुडूप हललं. राजेसाहेब झाडावर चढले..."

राजांच्या कपाळावर आठ्या आल्या.

"झुडपातून निघाला एक ससा! सशाने नुसते कान टवकारले, तर राजेसाहेबांचं मुंडासं खाली!"

"ससा नव्हे, वाघ होता वाघ!" राजे गरजले. "चांगला नऊ हात लांब!"

"सरकार, दसऱ्याला सातच हात होता!" दिवाणजी बोलून गेले.

"आणि पाडव्याला पाच!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा दरबार खो खो हसत सुटला.

न्हाव्याने अदबीने मुजरा केला. "सरकार पहिले बोलले. डावी की उजवी?"

राजांनी मिशीवर हात ठेवला. "पोरी, माझीच गोष्ट सांगून मला बोलतं केलंस?"

"दुसऱ्याची सांगितली असती, तर सरकार पेंगले असते!"

"बरं... मग मिशीचं काय?"

"राहू द्या, सरकार. वाघ अकरा हातांचा झाला, की उतरवू!"

राजे इतके हसले, इतके हसले, की मुंडासं खरंच खाली पडलं! त्यांनी राणोजीला संबळासाठी चांदीच्या टिपऱ्या दिल्या, गिरजाला भरजरी लुगडं दिलं आणि म्हणाले,

"आता दर दसऱ्याला माझी शिकार तूच सांग! पण बाई, तेवढा ससा नको!"