मठात मिरची नाही

"तुम्ही एक शब्द टाकलात तर अख्खं गाव येईल. मग टाकत का नाही, बाबा?"

श्रीरंग सकाळपासून हेच विचारत होता. भानुबाबा मठाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

श्रीरंग शेतीचं शिक्षण घेऊन मठात आला होता. पोरगा हुशार, कामाला वाघ, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. मठामागच्या खडकाळ जमिनीचा त्याने एकट्याने मळा केला. गावातून बी गोळा केलं. कुणाच्या घरचा घेवडा, कुणाची वांगी, कुणाचा दोडका. गावाने मिळून पिकवायचं, मिळून खायचं, बाजाराचं तोंड बघायचं नाही, असा त्याचा बेत. पिकलंही भरघोस. दर आठवड्याला तो घरोघरी भाजीची पाटी फुकट पोचवू लागला.

लोकांनी भाजी घेतली. मळ्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

आता वैशाख होता. विहीर खोल गेलेली. घागरीने शेंदून एकटा माणूस पाणी घालणार तरी किती? वांग्यांनी माना टाकल्या होत्या, आणि श्रीरंगच्या तळहातांची सालं निघाली होती.

"मळा जाईल, बाबा."

"जाईल."

"आणि कुणाला त्याचं काही नाही! फुकट खायला तेवढे सगळे पुढे. ती केराबाई तर... परवा तिने पाटी दारातूनच परत पाठवली."

बाबांचा हात थांबला.

"काय होतं पाटीत?"

"मिरच्या. तिच्याच वाणाच्या. बी तिच्याकडूनच आणलं होतं मी. खोटं नाही सांगत, तिच्यापेक्षा सरस आल्यात."

"ते बी तिने लग्नात माहेराहून आणलं. पदराला बांधून." बाबांनी सालं झटकली. "मठाला मिरची तीच द्यायची. माझ्या गुरूंच्या वेळेपासून."

"आता तिला त्रास नको. आपलीच पिकते."

बाबांनी सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या.

"म्हणजे... चांगलंच झालं ना, बाबा?"

बाबा उठले आणि मळ्याकडे चालू लागले. श्रीरंग मागोमाग.

"तुझ्या मळ्यात काय नाही रे?"

श्रीरंगला बरं वाटलं. अखेर कुणीतरी विचारलं होतं.

"सगळं आहे, बाबा. मीठ तेवढं विकत घेतो."

"मग माणसांनी कशाला यावं?"

श्रीरंग वाफ्यांकडे बघू लागला. तेवढ्यात बाबा वाकले आणि त्यांनी मिरचीचं एक रोप मुळासकट उपटलं. लगडलेलं रोप. मग दुसरं. मग तिसरं.

"बाबा! अहो, काय करताय!"

बाबा वाफ्याच्या टोकापर्यंत उपटत गेले. म्हातारा माणूस, धाप लागली, तरी थांबले नाहीत. सगळी रोपं त्यांनी बांधावर टाकली. श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला बाबांचा राग आला होता, आणि गुरूचा राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

"आज जेवायला काय?" बाबांनी विचारलं.

"...पिठलं."

"बिनमिरचीचं?"

"आता तसंच करावं लागेल." श्रीरंगने डोळे पुसले. "नाहीतर बांधावरच्या घेतो चार तोडून."

"त्या नाहीत. मागून आण."

"कुणाकडून?"

बाबांनी केराबाईच्या घराकडे बोट केलं.

"तिने मलाही दारातूनच परत पाठवलं तर?"

"तर दारात उभा राहा. भूक लागलीय म्हणून सांग. खोटं नाहीये ते."

श्रीरंग निघाला. रिकाम्या हाताने तो उतार उतरू लागला. आजवर तो ज्या ज्या दारात गेला, ते द्यायला. बी मागितलं तेही आपण गावासाठी काही करतोय, या तोऱ्यात.

ऊन कलल्यावर तो परत आला. उपरण्याच्या गाठीत मिरच्या होत्या. चेहरा गोंधळलेला.

"दिल्या?"

"दिल्या." तो पायरीवर टेकला. "आधी बोलल्याच नाहीत. उभंच ठेवलं. मग मी म्हटलं, मठात मिरची नाही... तर एकदम सुनेला हाक मारली. 'आगं, ऐकलंस का? मठात मिरची न्हाई म्हनं!' आणि हसल्या, बाबा. आतून पाट आणून मला बसवलं, ताक दिलं. आपल्याकडे मिरची नाही, याचा एवढा आनंद?"

बाबा मिरच्या निवडत होते.

"मग विचारलं, मळ्याला पाणी कोण घालतं? म्हटलं, मी एकटाच. तर म्हणाल्या, 'तुला न्हाई जमायचं ते. उद्या तांबडं फुटायला येतो आमी बायका, घागरी घेऊन. पाणी कसं घालत्यात ते दावते तुला.'"

"बरं झालं."

"झालं. मळा वाचेल." पण श्रीरंगला राहवेना. "पण पाणी घालायला मला येतं, बाबा! मी शिकून आलोय ते!"

बाबांनी एक मिरची देठापाशी मोडली, वास घेतला, आणि डोळे मिटले.

"सकाळपर्यंत विसरता येतंय का बघ."